लेकरू टॉकीजला बसेल का? पहिल्या मोठ्या सिनेमाची तयारी

मे महिना, बाहेर बेचाळीस अंश, सुट्टीला आलेली भाचरं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "चला, सगळ्यांना सिनेमाला नेऊ." त्या 'सगळ्यां'त नऊ वर्षांची ताई असते, पाच वर्षांचा भाऊ असतो आणि तीन वर्षांचं शेंडेफळही असतं. ताईची काळजी नाही. भावाचं थोड्या तयारीनं जमू शकतं. शेंडेफळाला मात्र आजीजवळ घरी ठेवलेलं बरं. लेकरू तयार आहे की नाही हे तिकीट काढायच्या आधी कसं ओळखायचं, आणि तयार असेल तर पहिल्या वेळी काय काय सांभाळायचं, ते या लेखात क्रमानं देतो आहोत.

आधी वयाचा ढोबळ हिशेब

दोन वर्षांखालच्या बाळाला टॉकीजला नेऊच नये. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, या वयाला नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल सोडला तर कुठलाच स्क्रीन नको म्हणते. दोन ते पाच वर्षांसाठी तिनं दिवसाला जास्तीत जास्त १ तासाची मर्यादा घातली आहे, तीही २०-३० मिनिटांच्या तुकड्यांत. यावरून लक्षात येईल की या वयात दीड तासाचा सिनेमासुद्धा मोठा अपवाद आहे, आणि तो वर्षातून एखाद-दोन वेळाच करावा.

तीन ते चार वर्षांची बहुतेक लेकरं पाऊण-एक तासानंतर चुळबुळ करतात. पाच-सहाव्या वर्षी ८० ते १०० मिनिटांचा ॲनिमेशनपट बऱ्याच जणांना झेपतो. अडीच तासांचा हिंदी किंवा मराठी सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजून बघायला सात-आठ वर्षं लागतात. एकाच घरातली दोन भावंडं यात वर्ष-दीड वर्षानं मागंपुढं असतात, म्हणून वाढदिवस मोजून ठरवू नका. खालच्या चाचण्या घरीच करून बघा.

तयार आहे का, हे ओळखायच्या चाचण्या

सगळ्यात महत्त्वाची चाचणी बोलण्याची आहे. "मला भीती वाटते", "शू आली", "आवाज लई होतोय", "घरी जायचं" ही चार वाक्यं लेकरू वेळेवर, स्वतःहून, समजेल अशी बोलतं का? जे सांगू शकतं त्याला तुम्ही वेळेत बाहेर काढू शकता. जे सांगू शकत नाही ते एकतर मोठ्यानं रडतं किंवा, जास्त वाईट म्हणजे, गप्प होऊन घट्ट बसून राहतं आणि आईबापाला वाटतं की छान रमलं आहे. बाकी सगळं जमत असलं आणि एवढं एकच जमत नसलं, तरी सहा महिने थांबा.

दुसरी चाचणी गोष्टीची. चित्र न दाखवता एक गोष्ट सांगा, साधारण १५-२० मिनिटांची. मधे उठून गेलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी विचारा, "काल कोल्ह्यानं काय केलं होतं?" आधी काय झालं आणि त्यामुळं पुढं काय झालं, असे दोन-तीन दुवे सांगता आले तर सिनेमाचा धागा हाती राहील. "आमचं लेकरू सप्ताहात दोन-दोन तास कीर्तनाला बसतं" असं पुष्कळ जण खात्रीनं सांगतात. पण मंडपात उजेड असतो, लेकरू आजीच्या मांडीवर झोपतं, उठून टाळकऱ्यांत जाऊन येतं, प्रसादाची वाट बघतं. टॉकीजच्या अंधारात एका खुर्चीत बसणं त्याहून बरंच वेगळं आहे, त्यामुळं कीर्तनावरून अंदाज बांधू नका.

तिसरी चाचणी खऱ्या-खोट्याची. बाजारात मिळणारा एखादा कागदी मुखवटा आणा आणि लेकराच्या डोळ्यांसमोर, हळूहळू चेहऱ्यावर चढवा. वडीलच आहेत हे त्यानं पाहिलेलं असतं. तरीही तीन-साडेतीन वर्षांचं लेकरू बऱ्याचदा मागं सरतं, रडतं, कारण त्या वयात जे दिसतं तेच खरं असतं. पाच-सहा वर्षांचं हसतं, मुखवटा ओढू बघतं. गल्लीत बहुरूपी आला की कोण आईच्या पदराआड जातं आणि कोण त्याच्या मागं पळतं, यातही हेच कळतं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधक जोआन कँटर यांनी लेकरांच्या पडद्यावरच्या भीतीचा पुष्कळ वर्षं अभ्यास केला. लहान लेकरं दिसण्याला घाबरतात: विद्रूप चेहरा, माणसाचं राक्षसात होणारं रूपांतर. आठ वर्षांपुढची त्यापेक्षा खरोखर घडू शकेल अशा गोष्टींना घाबरतात: घराला आग, पळवून नेणं, आईबापाचा मृत्यू. म्हणून चार वर्षांच्या आणि नऊ वर्षांच्या लेकरासाठी सिनेमा तपासताना वेगवेगळ्या जागा तपासाव्या लागतात. प्रेमळ स्वभावाचा पण अक्राळविक्राळ दिसणारा प्राणी चार वर्षांच्याला रडवतो. शांतपणे दाखवलेला आजीचा मृत्यू नऊ वर्षांच्याला रात्रभर जागवतो, आणि चार वर्षांच्याला त्याचं काही वाटतही नाही.

मग आवाज. कुकरची शिट्टी, मिक्सर, वरातीतला डीजे यांना लेकरू कसं घेतं? डीजे लांबून ऐकू आला तरी कान झाकून घरात पळणाऱ्या लेकराला टॉकीजमध्ये पहिली दहा मिनिटंच जड जातील.

शेवटी शू. जागेपणी दीड तास कोरडं राहता येत असेल तर पुरे. डायपर लावून नेता येतं, पण ज्याला डायपर लागतो ते लेकरू बहुधा वरच्या चाचण्यांतही मागंच असतं.

ज्या लेकराला पूर्वी फिट आली आहे, त्याला लखलखत्या उजेडाच्या दृश्यांचा त्रास होऊ शकतो. आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीनं कान दुखत असेल तर त्या आठवड्यात जाऊच नका.

घरचा सराव: चार रविवार

रोज सराव करायचा नाही, स्क्रीनची सवय वाढेल. आठवड्यातून एकदा पुरे.

पहिल्या रविवारी अर्ध्या तासाचं काहीतरी टीव्हीवर लावा. मोबाईल नको, कारण मोबाईलवर लेकरू बोटानं पुढं सरकवतं आणि टॉकीजमध्ये पुढं सरकवता येत नाही. रिमोट कपाटावर ठेवा. मधे थांबवायचं नाही, बदलायचं नाही. दुसऱ्या रविवारी हेच ५० मिनिटं, खिडक्यांचे पडदे लावून. तिसऱ्या रविवारी दीड तास, मधे दहा मिनिटांचं 'इंटरव्हल', त्यात शू आणि पाणी. चौथ्या रविवारी खोलीतला दिवा बंद, आवाज नेहमीपेक्षा थोडा वर, खुर्च्या रांगेत मांडून, हाताला कागदाचं तिकीट देऊन. लेकरांना हा खेळ फार आवडतो, आणि 'दिवा विझला की सुरू होतं, दिवा लागला की संपतं' हे त्यातून आपोआप कळतं.

तिसऱ्या रविवारी लेकरू चाळीस मिनिटांत उठून गेलं तर चौथा सराव पुढं ढकला. त्यावरून लेकराला बोल लावू नका.

सिनेमा निवडताना

चार गोष्टी बघायच्या: प्रमाणपत्र, लांबी, भाषा आणि टूडी की थ्रीडी. तिकीट बुक करायच्या पानावर चारही दिलेल्या असतात.

प्रमाणपत्र १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ देतं. 'यू' म्हणजे सर्वांसाठी, 'यूए' म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली, 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी, 'एस' म्हणजे डॉक्टरांसारख्या विशिष्ट गटासाठी. २०२३ च्या दुरुस्तीनं 'यूए'चे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. त्याआधीच्या सिनेमांवर नुसतं 'यूए' दिसेल. 'यूए'चा आकडा पालकांसाठी सूचना आहे, त्यावरून गेटवर अडवत नाहीत, म्हणजे ठरवायची जबाबदारी तुमचीच. 'ए' सिनेमाला मात्र १८ वर्षांखालच्या लेकरांना प्रवेश नाही.

इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'यू' म्हणजे लेकरांसाठी केलेला सिनेमा, असा त्याचा अर्थ नाही. त्यात आक्षेपार्ह काही नाही, एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं. पावणेतीन तासांचं कौटुंबिक नाटक 'यू' असू शकतं, आणि पाच वर्षांचं लेकरू त्यात विसाव्या मिनिटाला जमिनीवर उतरलेलं असतं.

लांबी पहिल्या वेळी १०० मिनिटांच्या आत असावी. त्यात जाहिराती आणि ट्रेलरची १५-२० मिनिटं आणि इंटरव्हलची १०-१५ मिनिटं धरा. म्हणजे १०० मिनिटांचा सिनेमा प्रत्यक्षात सव्वादोन तास घेतो.

भाषेकडं लोक लक्ष देत नाहीत आणि तिथंच सगळं बिघडतं. परदेशी ॲनिमेशनपट एकाच टॉकीजला सकाळी हिंदीत आणि संध्याकाळी इंग्रजीत असतो. सबटायटल पटापट वाचायला तिसरी-चौथी उजाडते. त्यामुळं "चित्रं बघून कळेल" असं न म्हणता लेकराला रोज ऐकू येणारी भाषा निवडा. आपल्याकडं मराठी घरातल्या लेकरालाही गल्लीतली हिंदी बऱ्यापैकी कळते, हिंदी डबिंग चालतं.

थ्रीडी पहिल्या वेळी नको. चष्मा मोठ्यांच्या मापाचा असतो, नाकावरून घसरतो, त्यानं चित्र अंधारतं, आणि अंगावर येणारी वस्तू लहान लेकराला खरंच अंगावर येते. फ्रान्सच्या सरकारी आरोग्य-सुरक्षा संस्थेनं, अन्सेसनं, २०१४ मध्ये सहा वर्षांखाली थ्रीडी टाळावं असं सुचवलं होतं.

जमलं तर घरातल्या एका मोठ्यानं सिनेमा आधी बघून यावा. ते शक्य नसेल तर ट्रेलर लेकरासोबत घरी दोनदा बघा. ज्या पात्राला ते घाबरतं त्याचं चित्र थांबवून दाखवा आणि त्याचं नाव सांगा. नाव माहीत झालेल्या राक्षसाची भीती पुष्कळ कमी होते.

शो, टॉकीज आणि खुर्ची

सकाळचा पहिला शो घ्या. गर्दी कमी, तिकीट बहुधा स्वस्त, लेकरू ताजंतवानं, आणि दुपारच्या झोपेआधी घरी. उन्हाळ्यात तीनच्या शोला जाणं म्हणजे बाहेर भट्टी, आत कडक एसी, आणि ऐन झोपेची वेळ. रात्रीचा शो पहिल्या वेळी नकोच.

तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्यांनी प्रवास धरून हिशेब करावा. औशाहून लातूर २० किलोमीटर, हे ठीक. पण जालन्याहून छत्रपती संभाजीनगर ६० किलोमीटर, पैठणहून ५० किलोमीटर. एसटीनं जायचं-यायचं तीन तास आणि सिनेमाचे सव्वादोन. पाच वर्षांच्या लेकराला हे एका दिवसात जास्त होतं. नातेवाइकांकडं आदल्या रात्री मुक्काम करता आला तर करा, नाहीतर जवळच्या टॉकीजला लहान सिनेमा लागायची वाट बघा. जत्रेतल्या तंबूत सिनेमा असेल तर तोही पहिली वेळ म्हणून नको: जनरेटरची घरघर, रात्रीची वेळ आणि बाहेर पडायला वाट नाही.

मल्टिप्लेक्समध्ये बहुधा तीन वर्षांपुढं पूर्ण तिकीट लागतं. एकपडदा टॉकीजला खिडकीवर विचारून घ्या.

खुर्ची कोपऱ्याची, म्हणजे मधल्या वाटेलगतची घ्या, पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश मागं, दरवाजाच्या बाजूची. बुकिंगच्या नकाशात 'पडदा इकडं' कुठं लिहिलं आहे ते आधी बघा, कारण काही टॉकीजमध्ये ए रांग पडद्याजवळ असते तर काहींत सगळ्यात मागं. अगदी भिंतीकडच्या खुर्च्या टाळा, बाजूचे स्पीकर तिथंच डोक्यावर असतात. एकपडदा टॉकीजची बाल्कनी चांगली, पण तिची पहिली रांग नको. कठड्यामुळं लेकराला पडदा दिसत नाही, मग ते खुर्चीवर उभं राहतं आणि कठड्यापलीकडं थेट खालचा मजला असतो. तिसरी-चौथी रांग बरी.

आता घडीच्या खुर्चीबद्दल, कारण ती ऐनवेळी फार त्रास देते. या खुर्चीची बैठक मागच्या बिजागरीवर फिरते आणि स्प्रिंग तिला वर ओढत असते. मोठं माणूस बसलं की वजनानं ती खाली राहते. १५ किलोच्या आतबाहेरचं लेकरू मागं टेकून बसलं की त्याचं सगळं वजन बिजागरीपाशी पडतं, पुढची कड मोकळी राहते आणि बैठक हळूहळू वर उठते. गुडघे छातीला लागतात, पाय वर होतात, लेकरू घाबरतं. उपाय साधा आहे: पाठीमागं शाल किंवा चादरीची जाड घडी ठेवा, म्हणजे लेकरू चार-सहा इंच पुढं सरकतं आणि वजन कडेकडं येतं. शिवाय मोठ्या माणसाचा एक हात बैठकीवर असू द्या. बैठक खाली न पाडता तिच्या वरच्या कडेवर लेकराला बसवायची पद्धत आहे, तिथून दिसतंही चांगलं, पण घसरलं की पाय फटीत अडकतो. ते करू नका. काही मल्टिप्लेक्समध्ये लेकरांसाठी प्लॅस्टिकची उंच बैठक मिळते, आत शिरतानाच मागून घ्या. सरकणाऱ्या आरामखुर्च्या असतील तर बटण मोठ्यांच्या हातात ठेवा आणि खुर्ची मिटताना खाली कुणाचा हातपाय नाही हे वाकून बघा.

किती मोठी माणसं हवीत

दोन. एकच लेकरू असलं तरी दोन बरी, आणि दोन लेकरं असली तर दोन हवीतच. धाकटं रडायला लागलं की ताईलाही उठावं लागतं, आणि ताईचा तो राग महिनाभर टिकतो. बाहेर कोण जाणार हे घरातून निघतानाच ठरवून घ्या. आणि तिकिटाचे पैसे काढले तेव्हाच खर्च झाले असं धरा. ज्यांना पैसे वसूल करायचे असतात ते रडणाऱ्या लेकराला बसवून ठेवतात, आणि मग ते लेकरू वर्षभर टॉकीजच्या दाराशी यायला तयार होत नाही.

खाणं

घरून पोटभर खाऊन निघा. दही-धपाटे किंवा मुरमुऱ्यांचा सुशीला उत्तम, तळकट नको. शोआधी तासभर पाणी घोट-घोट.

बाहेरचे पदार्थ आत न्यायला टॉकीज मनाई करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं ३ जानेवारी २०२३ ला मान्य केलं. पण त्याच वेळी दोन गोष्टी नोंदवल्या: पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि तान्ह्या किंवा लहान बाळासाठी आईबापानं आणलेलं गरजेपुरतं खाणं अडवता येणार नाही. गेटवर हुज्जत होऊ लागली तर हे शांतपणे सांगा, बहुतेक वेळा काम होतं.

चार वर्षांखालच्या लेकराला पॉपकॉर्न देऊ नका. हा मुद्दा आम्ही मुद्दाम ठासून मांडतो आहोत, कारण टॉकीज म्हटलं की पॉपकॉर्नच हातात येतं. लाही हलकी, कोरडी असते, न फुटलेला दाणा टणक असतो, मागची दाढ नीट आलेली नसते. त्यात लेकरू रेलून बसलेलं, अंधार, आणि पडद्यावर एकदम हसायला लावणारं काहीतरी. श्वास आत ओढताना दाणा श्वासनळीत जातो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, टणक गोळ्या आणि अख्खी द्राक्षं यांनाही हेच लागू. मऊ केळं, बिस्किट, पोळीचा लाडू चालतो, तोही सरळ बसवून.

घास अडकून खोकताच येत नसेल, आवाज निघत नसेल तर वेळ घालवू नका. लेकराला पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं ५ जोरकस थापा मारा. निघालं नाही तर, लेकरू एक वर्षापुढचं असेल तर, मागून मिठी मारून बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवून आत-वर ५ धक्के द्या, आणि आलटून पालटून हेच चालू ठेवा. दुसऱ्या माणसानं दिवे लावायला सांगून १०८ ला फोन लावायचा. तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, दाणा आणखी खोल जातो.

त्या दिवशी

साडेदहाचा शो धरू. नऊपर्यंत जेवण, पावणेदहाला निघणं, दहा-दहाला टॉकीज, सव्वादहाला शू. खुर्चीवर दिवे चालू असतानाच बसायला हवं, म्हणून १०:२० ला आत. उशीर झाला आणि अंधारात, पायऱ्यांवरून, दणदणत्या आवाजात लेकराला आत न्यावं लागलं तर ते तिथंच बिथरतं. दिवे असताना पडदा दाखवा, स्पीकर दाखवा, बाहेर जायचं लाल-हिरव्या पाटीचं दार दाखवा: "नको वाटलं तर आपण त्या दारानं जायचं." हे वाक्य ऐकून लेकराचे खांदे सैल होतात, हे जवळून बघण्यासारखं असतं.

पिशवीत: शाल किंवा स्वेटर (आत गारठा असतो), एक जादा चड्डी-पँट, रुमाल, पाण्याची छोटी बाटली, आवडतं फडकं किंवा बाहुली. लेकराच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. बूट पट्टीचे घाला, लाइट लागणारे नकोत.

आपल्याकडं सिनेमाआधी राष्ट्रगीत लागतं, ५२ सेकंद. घरी सांगून ठेवा, शाळेत म्हणणारं लेकरू अभिमानानं उभं राहतं. त्यानंतर एक अनपेक्षित अडचण येते. धूम्रपानाची दृश्यं असलेल्या सिनेमात सुरुवातीला आणि मधे किमान ३० सेकंदांची तंबाखूविरोधी सूचना दाखवावी लागते, आणि त्यातल्या काही सूचनांत कर्करोग झालेलं तोंड, दवाखान्यातला खाटेवरचा माणूस जवळून दिसतो. पूर्ण सिनेमाभर न घाबरलेलं लेकरू याला घाबरतं. तेवढ्या वेळात त्याला स्वतःकडं वळवून शालीची घडी करायला लावा किंवा कानात काहीतरी विचारा. जाहिराती फार लांबल्या तर एकदा बाहेर फिरवून आणायलाही हरकत नाही, दार आता त्याच्या ओळखीचं झालेलं असतं.

आवाजाबद्दल नेमकं सांगायचं तर, टॉकीजची यंत्रणा लावताना मुख्य स्पीकर ८५ डेसिबलच्या पातळीवर जुळवतात, आणि ऐन दणक्याला त्यातून १०५ पर्यंत आवाज येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना लेकरांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा धरते, आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे सरासरी ८४ डेसिबलला आठवड्याला पाच तास. एका सिनेमानं कान बिघडतील असं नाही, पण अचानक आलेल्या दणक्यानं लेकरू दचकतं आणि तिथून सगळं बिनसतं. कानांवर बसणारे लेकरांच्या मापाचे मफ मिळतात, ते घेऊन जा आणि घरी दोन-तीनदा घालून सवय करा. कापसाच्या बोळ्यांनी विशेष फरक पडत नाही, आणि कानात घालायचे छोटे प्लग लहान लेकरू तोंडात घालतं. आवाज असह्यच असेल तर कर्मचाऱ्याला कमी करायला सांगा. सकाळच्या शोला माणसं कमी असतात, ऐकतात.

इंटरव्हलच्या पाच मिनिटं आधी शूला न्या. मग रांग नसते. हात वाळवायचं यंत्र लेकरांना सिनेमापेक्षा जास्त घाबरवतं, त्याच्या खालून हात नेऊ नका, रुमाल वापरा.

घाबरलं तर

लहान लेकराला समजावून फारसा उपयोग होत नाही. मांडीवर घ्या, छातीशी धरा, तोंड आपल्याकडं वळवा आणि आधी त्याचे कान झाका. डोळे झाकून राहतात पण संगीत कानात शिरतच राहतं, आणि भीती बरीचशी त्या संगीतात असते. सात-आठ वर्षांच्याला मात्र बोलून धीर येतो: "ही नटी आहे, तोंडाला रंग लावलाय, कॅमेऱ्यामागं पन्नास माणसं उभी आहेत."

दोन मिनिटांत शांत झालं नाही तर बाहेर या. उजेडात, पाणी पाजा, पाच मिनिटं थांबा आणि एकदाच विचारा, "आत जायचं की घरी?" घरी म्हणालं तर घरी. "मुलगा असून रडतो का?", "बघ, ती ताई कशी बसली आहे" हे शब्द तोंडातून काढू नका. तुम्ही लेकराला जे शिकवलं होतं नेमकं तेच त्यानं केलं आहे: त्रास झाला आणि त्यानं सांगितलं. त्यावर रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

घरी आल्यावर

दुपारी झोपू द्या, सिनेमाबद्दल लगेच प्रश्न विचारू नका. संध्याकाळी स्वतःच सांगायला लागतं. कोणता प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतं तिकडं लक्ष द्या, भीती बहुतेक तिथंच असते. त्या प्रसंगाचं चित्र काढायला द्या, शेवट बदलून सांगायला सांगा. एक-दोन रात्री दिवा लावून झोपणं, आईला चिकटणं साहजिक आहे. दोन आठवड्यांनंतरही झोप उडालेली असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पहिला सिनेमा शेवटपर्यंत हसतखेळत झाला, तर दुसरा दोन-तीन महिन्यांनी, आणि तो १५-२० मिनिटांनी जास्त लांबीचा चालेल. मधूनच परत यावं लागलं असेल तर सहा महिने थांबा, तिसऱ्या रविवारच्या सरावापासून पुन्हा सुरू करा आणि या वेळी सिनेमा लेकराला निवडू द्या.